दोन औषधांनंतरही फिट थांबत नसेल तर : अपस्मारावरील शस्त्रक्रियेविषयी डॉक्टरांना काय विचारावे

अपस्माराच्या दहा रुग्णांपैकी साधारण सहा ते सात जणांच्या फिट नियमित गोळ्यांनी थांबतात. आपल्या घरातील रुग्ण त्यांपैकी असेल तर गोळ्या न चुकता चालू ठेवाव्यात आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. प्रस्तुत पत्रक मुख्यतः उरलेल्या तिघा-चौघांसाठी आहे. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असूनही ज्यांना महिन्यातून एकदा, आठवड्यातून दोनदा फिट येतेच, आणि ज्यांच्या घरी आता "हे असेच चालायचे" असे सर्वांनी मनाशी धरले आहे, त्यांनी ते सावकाश वाचावे.

या रुग्णांपैकी काहींच्या फिट मेंदूवरील शस्त्रक्रियेने थांबू शकतात. ही गोष्ट नवी नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. जेकब चंडी यांनी १९५२ साली भारतात अशी पहिली शस्त्रक्रिया केली. तरीही जयलक्ष्मीपुरमसारख्या, दवाखाने आणि औषधांची दुकाने हाकेच्या अंतरावर असलेल्या वस्तीतसुद्धा अशी कुटुंबे असू शकतात की ज्यांना या उपचाराविषयी कोणी अवाक्षरही सांगितलेले नसते. न सांगणाऱ्यांत पुष्कळदा त्यांचे नेहमीचे डॉक्टरच असतात. त्यांचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही. परंतु ते गप्प का राहतात हे आपणांस ठाऊक असेल, तर योग्य वेळी योग्य प्रश्न आपणच विचारू शकाल.

मराठी घरांत या आजारास फिट, फेफरे, मिरगी किंवा घुरे म्हणतात. म्हैसुरातील आपले कन्नड शेजारी मूर्छे रोग म्हणतात. नावे निराळी असली तरी आजार एकच आहे, आणि तो मेंदूचा आहे.

दुसऱ्या औषधानंतरचा हिशेब

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे, पूर्वी कोणतेही औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांचा पाठपुरावा करून एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पहिल्याच औषधाने ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या. ज्यांच्या थांबल्या नाहीत त्यांना दुसरे औषध दिले, तेव्हा आणखी १३ टक्क्यांना गुण आला. त्यानंतर तिसरे औषध, दोन औषधे एकत्र, असे सारे प्रयत्न मिळून जेमतेम ४ टक्क्यांची भर पडली. ही उतरती भाजणी ध्यानात ठेवावी. दुसऱ्या औषधापर्यंत आशा मोठी असते. तिसऱ्यापासून ती झपाट्याने कमी होते, पूर्ण संपत मात्र नाही.

याच अनुभवाच्या आधारे इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या तज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने २०१० साली व्याख्या ठरविली. योग्य निवडलेली, योग्य मात्रेत आणि नियमितपणे घेतलेली दोन औषधे देऊनही फिट पूर्णपणे थांबल्या नाहीत, तर तो औषधांना न जुमानणारा अपस्मार मानावा. याच संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीनुसार हे निश्चित होताच रुग्णास शस्त्रक्रियेच्या तपासणीसाठी पाठवावे; आजार किती वर्षे जुना आहे, यावर ते अवलंबून ठेवू नये. तपासणीसाठी पाठविणे म्हणजे शस्त्रक्रियेसाठी पाठविणे नव्हे. तपासणीस गेलेल्या अनेकांना शस्त्रक्रिया उपयोगी नाही असेच सांगितले जाते, आणि तेही कळणे मोलाचे असते.

"दोन औषधे चालली नाहीत" असे म्हणण्यापूर्वी मात्र घरीच थोडी झाडाझडती घ्यावी. गोळ्या सणावारी, उपवासाला, प्रवासात चुकल्या होत्या का? मात्रा पुरेशी होती का, की झोप येते म्हणून आपणच अर्धी गोळी दिली? औषध त्या प्रकारच्या फिटसाठी योग्य होते का? सकाळी उठल्यावर हातांना झटके येऊन भांडी निसटण्याचा जो एक प्रकार तरुण वयात दिसतो, त्यात कार्बामाझेपीन हे फार वापरले जाणारे औषध त्रास वाढवू शकते. तेथे औषध बदलणे हाच इलाज असतो. शिवाय प्रत्येक बेशुद्धी ही अपस्मार नसते. हृदयाच्या अनियमित ठोक्यांनी, रक्तदाब एकाएकी उतरल्याने किंवा मनावरील ताणानेही माणूस फिटसारखा कोसळतो. अशा रुग्णास चार गोळ्या देऊनही उपयोग होणार नाही हे उघड आहे.

डॉक्टर शस्त्रक्रियेचे नाव का काढत नाहीत

हा भाग आपणांस कोणी सांगत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिले कारण शिक्षणाचे. भारतात ही शस्त्रक्रिया १९५२ साली सुरू झाली तरी पुढे बराच काळ ती मागे पडली होती. १९९५ च्या सुमारास तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि दिल्लीची एम्स येथे, एमआरआय व व्हिडिओ-ईईजी या तपासण्यांच्या आधारे, ती नव्या रूपात उभी राहिली. त्यापूर्वी शिकलेल्या डॉक्टरांच्या मनात मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे अखेरचा, हताश उपाय हेच चित्र राहिले. नंतर शिकलेल्यांपैकीही अनेकांनी असा रुग्ण प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. आम्हा परिचारिकांची गोष्ट निराळी नाही. नर्सिंगच्या चार वर्षांत फिट आलेल्या रुग्णास कुशीवर कसे वळवावे, तोंडात काही का घालू नये, वेळ कशी मोजावी, हे मला काटेकोरपणे शिकविले गेले. या आजारावर शस्त्रक्रियाही आहे, हे नोकरीस लागल्यावर कळले.

ही केवळ आपल्याकडील उणीव नाही. कॅनडातील मेंदुविकारतज्ज्ञांचे एक सर्वेक्षण २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात जवळपास निम्म्या तज्ज्ञांना औषधांना न जुमानणाऱ्या अपस्माराची वर दिलेली व्याख्या नेमकी सांगता आली नाही. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संघटनेने २००३ सालीच अशा रुग्णांना वेळेवर पाठवावे अशी शिफारस केली होती; त्यानंतरही तेथे पहिल्या फिटपासून शस्त्रक्रियेपर्यंत सरासरी वीसएक वर्षे जात असल्याचे आढळत राहिले. विसाव्या वर्षी सुरू झालेला आजार चाळिशीत थांबतो, तेव्हा शिक्षण, नोकरी, लग्न यांची वये उलटून गेलेली असतात.

दुसरे कारण समजण्यास सोपे, पण सहसा बोलले न जाणारे. फिट चालू राहिली तर दोष आजाराला जातो. शस्त्रक्रियेनंतर हात लुळा पडला तर दोष ती सुचविणाऱ्या डॉक्टरांना जातो. म्हणून काही न करण्यातला धोका त्यांना दिसेनासा होतो. वस्तुतः तो धोका खरा आहे. फिट येताना चुलीवर, विहिरीच्या काठावर, जिन्यात काय होऊ शकते हे आपण जाणताच. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे अपस्मार असलेल्या दर १००० प्रौढांमागे सुमारे एका व्यक्तीचा दरवर्षी या आजारामुळे आकस्मिक मृत्यू होतो. तो बहुधा रात्री, झोपेत होतो. सर्वांग झटके देणाऱ्या फिट ज्यांच्या थांबलेल्या नाहीत त्यांना हा धोका अधिक असतो. हे वाचून घाबरून जाऊ नये. परंतु "गोळ्या सुरक्षित, शस्त्रक्रिया धोक्याची" अशी सरळ वाटणी करता येत नाही, एवढे मनात असू द्यावे.

तिसरे कारण असे की औषधांची यादी कधी संपत नाही. बाजारात दर काही वर्षांनी नवे औषध येते, आणि "हे एक करून पाहू" असे म्हणणे डॉक्टरांना सोपे व कुटुंबासही दिलासा देणारे असते. एकेका औषधाचा अनुभव घेण्यात सहा महिने, वर्ष जाते. पाच औषधे झाली की पाच वर्षे संपलेली असतात.

आणखी एक बाब. शस्त्रक्रियेने बरा झालेला रुग्ण त्या लहान दवाखान्यात फारसा परत येत नाही. ज्याला त्रास झाला तो येतो. त्यामुळे डॉक्टरांच्या आठवणीत अपयशेच अधिक साठतात. काही जण रुग्णाचे कपडे आणि पत्ता पाहून "यांना परवडणार नाही" असेही मनातल्या मनात ठरवून टाकतात. या शेवटच्या सवयीबद्दल मात्र मला सहानुभूती वाटत नाही. परवडते की नाही, हे कुटुंबाने ठरवायचे असते.

आपल्या बाजूची चूक

सारा दोष डॉक्टरांवर टाकणेही न्यायाचे होणार नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटे मिळतात. डॉक्टर विचारतात, "कसे आहे?" आपण म्हणतो, "ठीक आहे, पहिल्यापेक्षा कमी आहे." डॉक्टर तीच गोळी लिहून देतात. येथे दोघांच्या मनात "ठीक" या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. आपण केवळ जमिनीवर पडून हातपाय झाडण्याची मोठी फिट मोजतो. मुलगी जेवताना मध्येच एकटक पाहत राहते, ओठ चाटते, पदराशी चाळा करते आणि दोन मिनिटांनी भानावर येते, हे आपण मोजत नाही. पोटातून काही वर येत असल्यासारखे वाटणे आणि नंतर भान जाणे, हेही सांगत नाही. या लहान वाटणाऱ्या घटना फिटच आहेत. शस्त्रक्रियेने ज्या प्रकारात सर्वाधिक लाभ होतो, त्या प्रकाराची ही नेमकी लक्षणे आहेत.

म्हणून घरच्या भिंतीवरील कालनिर्णयचा उपयोग करावा. प्रत्येक फिटच्या दिवशी तारखेच्या चौकोनात खूण करावी. मोठीस एक खूण, लहानीस दुसरी. पाळीचे दिवस आणि चुकलेली गोळी यांनाही वेगळी खूण. तीन महिन्यांची पाने घेऊन डॉक्टरांसमोर ठेवल्यास "ठीक आहे" म्हणण्याची गरज उरत नाही. मोबाईलवर फिटचे चित्रण केल्यास फारच उत्तम. मात्र आधी रुग्णास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आणि मग दुसऱ्या कोणी चित्रण करावे. फिट ५ मिनिटांहून अधिक चालली तर चित्रण सोडून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कांदा, चप्पल, लोखंडाची किल्ली यांचा काहीही उपयोग होत नाही.

मग पुढील वाक्य जसेच्या तसे म्हणता येईल : "डॉक्टर, हिला दोन औषधे नीट देऊन झाली, तरी फिट येते. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने एकदा तपासणी करावी का? करू नये असे आपले मत असेल तर त्याचे कारण सांगाल का?" यात उद्धटपणा काहीही नाही. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. पुष्कळदा त्यांनाही तो विषय काढण्यास निमित्तच हवे असते.

तपासणीत काय होते, शस्त्रक्रियेत काय करतात

फिट मेंदूत कोठेतरी सुरू होते. काही रुग्णांत ती एकाच लहान जागेतून सुरू होते आणि ती जागा काढली तरी बोलणे-चालणे बिघडत नाही. असे रुग्ण शोधणे हाच तपासणीचा हेतू. प्रौढांत अशी जागा बहुधा कानशिलाच्या आत, टेम्पोरल लोब या भागात सापडते. तेथे स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस नावाची लहानशी रचना आहे. ती एका बाजूस आकसलेली, व्रणासारखी घट्ट झालेली आढळते. बालपणी तापात फार वेळ चाललेली फिट, डोक्यास मार, मेंदूज्वर अशा घटना पूर्वी घडल्या असल्यास त्या डॉक्टरांना अवश्य सांगाव्यात. क्वचित जन्मजात दोष, लहान गाठ किंवा जुनी इजा हे कारण असते.

एमआरआय अपस्मारासाठी ठरविलेल्या विशेष पद्धतीने काढावा लागतो. साध्या पद्धतीच्या चित्रात बारीक दोष निसटतात. म्हणून पूर्वीचा अहवाल "नॉर्मल" असला तरी तपासणी तेथेच संपत नाही. व्हिडिओ-ईईजीसाठी रुग्णालयात काही दिवस राहावे लागते. डोक्यावर तारा लावून, कॅमेऱ्यासमोर, गोळ्या हळूहळू कमी करून फिट येऊ दिली जाते. नातेवाइकांना हे पाहणे जड जाते. पण तेथे चोवीस तास कर्मचारी असतात. स्मरणशक्ती आणि भाषा यांची कसोटी मानसतज्ज्ञ घेतात. अखेरीस सर्व तज्ज्ञ एकत्र बसून निर्णय देतात.

निकाल कसे येतात? कॅनडात ८० रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. टेम्पोरल लोबचा अपस्मार असलेल्या या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. वर्षअखेरीस शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण भान हरपविणाऱ्या फिटपासून मुक्त होते. केवळ गोळ्यांच्या गटातील ८ टक्के. आपल्या देशातील अभ्यास तर अधिक बोलका आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १८ वर्षे व त्याखालील ११६ मुलांवर तो झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ७७ टक्के मुलांच्या फिट थांबल्या होत्या, गोळ्यांच्या गटातील ७ टक्के मुलांच्या.

याच अभ्यासातील दुसरा आकडाही सांगितला पाहिजे. शस्त्रक्रियेच्या गटातील ५७ मुलांपैकी १९ जणांना गंभीर दुष्परिणाम झाले, आणि त्यांपैकी १५ जणांना एका बाजूच्या हातापायांत अशक्तता आली. ज्या मुलांच्या मेंदूचा एक संपूर्ण अर्धा भाग आजारी असतो, त्यांत तो भाग उर्वरित मेंदूपासून विलग करावा लागतो, आणि अशी अशक्तता तेथे आधीच अपेक्षित असते. ती पालकांना अगोदर सांगितली जाते. लहान वयात मेंदूचा दुसरा अर्धा भाग पुष्कळ कामे उचलतो. म्हणूनच मुलांच्या बाबतीत उशीर अधिक महाग पडतो.

प्रौढांच्या टेम्पोरल लोब शस्त्रक्रियेत धोके निराळे असतात. डाव्या बाजूस शस्त्रक्रिया झाल्यास नावे, शब्द आठवण्यास अडचण येऊ शकते. नजरेच्या वरच्या कोपऱ्यातील थोडा भाग दिसेनासा होऊ शकतो. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, पक्षाघात हे संभवतात, पण अनुभवी केंद्रांत क्वचित. मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाहून पुष्कळ कमी आहे. ज्यांच्या फिट मेंदूच्या अनेक भागांतून अथवा संपूर्ण मेंदूतून एकदम सुरू होतात, त्यांना ही शस्त्रक्रिया सहसा उपयोगी नसते. त्यांच्यासाठी विशेष आहार किंवा मानेतील नसेला उत्तेजन देणारे यंत्र यांचा विचार होतो. आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी गोळ्या दुसऱ्या दिवशी सुटत नाहीत. त्या बहुधा वर्ष-दोन वर्षे चालू ठेवून, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात.

मुलीच्या डोक्यावरील व्रणामुळे लग्न अडेल, ही भीती कुटुंबे हलक्या आवाजात बोलून दाखवतात. व्रण केसांत झाकला जातो. फिट झाकता येत नाही. कायद्याचे म्हणाल तर हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा अडसर १९९९ सालच्या दुरुस्तीने काढून टाकला आहे.

म्हैसुरातून कोठे जावे

आधी आपल्या भागातील मेंदुविकारतज्ज्ञांकडे किंवा कृष्णराजेंद्र रुग्णालयात जावे आणि पुढील केंद्रासाठी चिठ्ठी मागावी. सर्वांत जवळचे मोठे सार्वजनिक केंद्र म्हणजे बंगळुरूची निम्हान्स संस्था; अंतर सुमारे १५० किलोमीटर. राज्यात २०२२ पासून निम्हान्सच्या साहाय्याने कर्नाटक ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह हा उपक्रम सुरू आहे. त्याअंतर्गत काही सोय आपल्या जिल्हा रुग्णालयात आहे का, तेही विचारावे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत आणि दिल्लीच्या एम्समध्ये ही शस्त्रक्रिया होते. ज्यांचे नातेवाईक महाराष्ट्रात आहेत व ज्यांना मराठीतून बोलणे सोयीचे वाटते, त्यांना मुंबईतील परळच्या केईएम रुग्णालयाचा विचार करता येईल. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेला 'संवेदना' हा अपस्मार आधारगट मराठीतून काम करतो.

खर्चाविषयी ऐकीव माहितीवर विसंबू नये. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेचे कार्ड, शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातील योजना कक्षात स्वतः चौकशी करावी. तपासणी आणि शस्त्रक्रिया यांचा खर्च वेगवेगळा विचारावा. कोणत्या भागास योजना लागू आहे हे लेखी घ्यावे. प्रतीक्षायादी असते. ती लांब आहे म्हणून नाव न नोंदविणे, ही फार महागात पडणारी चूक आहे. आणि नाव नोंदविल्यावर गोळ्या नेहमीप्रमाणे चालूच ठेवाव्यात.

जाताना जुने एमआरआय अहवालासह सोबत घ्यावेत, फिल्म किंवा सीडी दोन्ही चालतील. आजवर घेतलेल्या सर्व औषधांची नावे, मात्रा आणि ती कधी व का बंद केली याची एका कागदावर नोंद करावी. कालनिर्णयची पाने आणि मोबाईलवरील चित्रण हेही न्यावे. आणि ज्या व्यक्तीने फिट प्रत्यक्ष पाहिली आहे तिने बरोबर जावे. अनेक घरांत रजा मिळते म्हणून काका किंवा थोरले बंधू जातात आणि प्रत्येक फिट उशाशी बसून पाहिलेली आई घरी राहते. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न असतो, "सुरुवात कशी होते?" त्याचे उत्तर त्या आईपाशी असते, तिचे तिकीट आधी काढावे.